आईच्या भूमिकेत अडकलेली बाई

मागच्या पंधरवड्यात इंदापूर तालुक्यातून एक पत्र आलं. वहीचं मधलं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. वर सूचना, ‘ताई, माझं नाव आणि गावाचं नाव छापू नका.’ म्हणून छापत नाही. पण पत्रातली गोष्ट सांगायची परवानगी तिच्याकडून फोनवर घेतली आहे.

ही बाई बेचाळीस वर्षांची. गावातल्या महिला मंडळात दरवर्षी गौरी-गणपतीला छोटं नाटक बसतं, त्यात ती बावीस वर्षं काम करतेय. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिला सासूचं काम मिळालं. का, तर अंगानं भरलेली आणि आवाज खणखणीत! तेव्हा तिचं वय वीस. तिच्याहून पाच वर्षांनी मोठी असलेली बाई तिची सून झाली होती. तेव्हापासून आजतागायत हिच्या वाट्याला सासू, आई, आजी, फार तर आत्याबाई. यंदा तिनं धीर केला आणि सांगितलं, मला वकिलीण करायचीय. सगळ्या हसल्या. ‘अगं, तुला ते शोभणार आहे का?’

एवढंच असतं तर मी पत्र वाचून हसून बाजूला ठेवलं असतं, खोटं कशाला बोलू? पण पुढे तिच्या लेकीबद्दल लिहिलं होतं. लेक बारामतीत कॉलेजला आहे. यंदा एकांकिकेसाठी तिची निवड झाली. भूमिका पोलिस इन्स्पेक्टरची. तालीम मात्र संध्याकाळी सहाला सुरू होऊन रात्री नऊपर्यंत चालते आणि तोवर गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. घरात ठरलं, नाटकबिटक राहू दे. लेक आईला म्हणाली, ‘तू बावीस वर्षं स्टेजवर उभी राहतेस आणि मला नको म्हणतेस?’ पत्राचा शेवट असा होता, ‘ताई, मी तिला काय सांगू?’

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे रोहिणी हट्टंगडी आल्या.

आपल्याकडे त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. २००१ मध्ये ई-टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीपर्यंत ती चालली. तीन हजारांहून जास्त भाग! तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलींची त्या काळात लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, तरी आशाताई देशमुखांचा संसार संपेना. मालिका ताणली होती, हे कबूलच करायला हवं. मधे मधे तर कोण कुणाचं कोण, हे पाटीवर लिहून ठेवावं लागलं असतं. पण आपण बघत होतो. भारनियमनाचे ते दिवस आठवतात ना? ऐन मालिकेच्या वेळेला लाईट जायची. मग इंदापूरच्या बहिणीनं बारामतीच्या बहिणीला फोन करायचा, ‘काय झालं गं पुढे? आशाताई काय म्हणाल्या?’ बारामतीची बहीण भाकरी थापता थापता सगळा भाग आवाज बदलून ऐकवायची. निम्मी मालिका आपण अशी कानांनीच पाहिली आहे.

त्यामुळे झालं काय, की रोहिणीताई आपल्यासाठी सासूबाईच झाल्या. पुढे ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये आजी झाल्या, म्हणजे आणखी एक पायरी वर. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी भिशी मंडळांनी आणि बचत गटांनी गाड्या करून, एकसारख्या साड्या नेसून तो पाहिला. त्यातल्या सहा बहिणींमधली थोरली, जया, म्हणजे पुन्हा त्याच. थिएटरमधून बाहेर पडताना एक बाई म्हणाली होती, ‘आशाताई अजून तशाच आहेत की!’ ते प्रेमानंच म्हटलेलं होतं. पण त्या बाईला सांगावंसं वाटलं, अहो, या आशाताई फार उशिरा आल्या, त्याआधी केवढं काय काय होऊन गेलंय!

रोहिणीताई मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या ओक. १९७१ मध्ये त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. तिथे इब्राहिम अल्काझींसारखा कडक गुरू. त्या काळात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातून एक मुलगी नाटक शिकायला एकटी दिल्लीला जाते, हे आजसुद्धा आपल्यातल्या कितीजणींच्या घरात चालेल ते मनातल्या मनात मोजा. तिथेच जयदेव हट्टंगडी भेटले. ते दिग्दर्शक झाले, पुढे दोघांनी लग्न केलं आणि नाटक हा दोघांचाही कामधंदा झाला.

मग आला ‘गांधी’. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा तो मोठा इंग्रजी सिनेमा १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांचीही नावं विचारात होती. भूमिका मिळाली रोहिणीताईंना. तेव्हा त्यांनी तिशीसुद्धा गाठली नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण कस्तुरबांपासून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत २२ फेब्रुवारी १९४४ ला गेलेल्या म्हाताऱ्या बांपर्यंतचा सगळा प्रवास त्यांना करायचा होता. आश्रमात संडास साफ करायला बा नकार देतात आणि गांधीजी संतापून त्यांना बाहेर काढायला निघतात, तो प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना बांचा चेहरा विसरता येणार नाही. अपमान, राग, आणि तरीही माघार न घेणं! सगळं एका चेहऱ्यावर, तेही परक्या भाषेत.

या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा मिळालं. बाफ्टा म्हणजे इंग्लंडचा सर्वांत मानाचा सिनेमा पुरस्कार. १९८३ मध्ये सहाय्यक अभिनेत्रीचा हा मान त्यांना आणि अमेरिकेच्या मॉरीन स्टेपलटन यांना मिळून दिला गेला. त्याच वर्षी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना याच सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. दोन मराठी बायका, एक सिनेमा, जगातले दोन मोठे मान. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात भानूताईंचं नाव तरी सापडतं. रोहिणीताईंच्या बाफ्टाबद्दल मी दहाजणींना विचारलं, नऊजणींना माहीत नव्हतं. दहावी म्हणाली, ‘ते काय असतं?’

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. त्या सिनेमात गांधीजी झाले होते बेन किंग्जले. इंग्लंडमधले रंगभूमीवरचे नट, रॉयल शेक्सपियर कंपनीत घडलेले. वडील गुजराती वंशाचे, मुलाचं मूळ नाव कृष्णा भानजी. तेही तेव्हा तरुणच, सदतिशीच्या आसपासचे. म्हणजे दोघंही तरुण, दोघांनीही म्हातारपण रंगवलं, आणि दोघांचंही जगानं कौतुक केलं. किंग्जलेंना ऑस्करही मिळालं.

पुढे काय झालं? किंग्जलेंना गांधीजींच्याच छापाच्या भूमिका देत बसलं नाही कुणी. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये ते ज्यू हिशेबनीस झाले. २००० च्या ‘सेक्सी बीस्ट’मध्ये असा काही शिवराळ, अंगावर येणारा गुंड झाले, की हाच माणूस एकदा चरख्यापुढे बसला होता यावर विश्वास बसू नये. २००३ मध्ये इराणमधून परागंदा झालेला लष्करी अधिकारी. नंतर ‘आयर्न मॅन ३’मध्ये तर मुलांच्या आवडीच्या सुपरहिरोंच्या जगात जाऊन लोकांना हसवून आले. इंग्लंडनं त्यांना ‘सर’ केलं. ‘तुम्ही एकदा महात्मा झालात, आता हे शोभेल का?’ असं त्यांना कुणी विचारल्याचं दिसत नाही.

आणि आपल्या रोहिणीताई? १९८४ च्या ‘सारांश’मध्ये त्या परदेशात मुलगा मारला गेलेली म्हातारी आई झाल्या. काम असं केलं की बघताना घशात आवंढा येतो, पण वय बघा ना! (नवऱ्याची भूमिका करणारे अनुपम खेरही तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पण खेरांना पुढे खलनायक, विनोदी, सगळं करायला मिळालं.) १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. अमिताभ यांचा जन्म १९४२ चा, रोहिणीताईंचा त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे मुलगा आईपेक्षा मोठा! हे फक्त आपल्याच सिनेमात होऊ शकतं. २००३ च्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये पुन्हा आई. तेलुगू सिनेमातही १९९१ मध्ये गेल्या, त्या आजी म्हणून.

एकाच सिनेमातून दोघं बाहेर पडले. त्याला म्हातारपण ही भूमिका होती, ती संपली की अंगावरून उतरवून ठेवता आली. तिला मात्र म्हातारपण चिकटलं.

इंदापूरच्या मैत्रिणीचं पत्र मला इतकं का लागलं, ते आता लक्षात आलं असेल. बॉलिवूडचे निर्माते आणि गावचं महिला मंडळ यांच्यात डोक्यानं फार अंतर नाही, एवढंच म्हणते.

पण रोहिणीताईंची हकीकत इथेच थांबली असती तर मी त्यांच्यावर लिहायला बसले नसते. ज्या आया त्यांना मिळाल्या, त्यासुद्धा एका साच्यातल्या त्यांनी केल्या नाहीत. आपल्या बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहिले, सतराव्या नव्हे, अठराव्या शतकात. १७९४ मध्ये ते गेले. त्यांनी म्हणे एकशे आठ रामायणं रचली. गोष्ट तीच, राम तोच, वनवास तोच. पण एक रामायण असं की त्यात ओठाला ओठ लागणारं अक्षरच नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य! ‘निरोष्ठ रामायण’ म्हणतात त्याला. रामकथा सांगायची आणि ‘राम’ हे नाव घ्यायचं नाही, करून बघा! ठरलेल्या चौकटीत राहून माणूस किती खेळू शकतो, हे आपल्याला कुणी लांबून येऊन शिकवायला नको, ते आपल्या गावातच आहे.

तसंच या आयांचं बघा. ‘अग्निपथ’मधली आई पोटच्या पोराच्या पापाच्या पैशाला हात लावत नाही. ‘सारांश’मधली पार्वती गेलेल्या मुलाच्या आशेला घट्ट धरून बसते. आणि १९८२ च्या ‘अर्थ’मधली मोलकरीण! ‘गांधी’च्याच वर्षीची ही भूमिका. धुणीभांडी करून लेकीच्या शाळेसाठी पैसे साठवणारी बाई. दारुडा नवरा ते पैसे उडवतो. ती नवऱ्याला मारून टाकते, आणि तुरुंगात जाताना तिला काळजी एकच, माझ्या पोरीचं काय. खून बरोबर होता असं मी म्हणत नाहीये. पण आपल्या गल्लीत, आपल्याच घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या पदरात बांधलेले ते पैसे आपण ओळखतो. त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, ‘अग्निपथ’साठीही मिळालं. एकाच वर्षात कस्तुरबा आणि खून करणारी मोलकरीण. ही खरी रेंज, मैत्रिणींनो!

‘पार्टी’त, १९८४ मध्ये, त्या दारूच्या आहारी गेलेली एकेकाळची नटी झाल्या, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘चालबाज’मध्ये श्रीदेवीला छळणारी काकू झाल्या, तीही मजेत. पण जे सिनेमा देत नव्हता ते त्यांनी खरं मिळवलं रंगभूमीवर. तिथे तुमचा चेहरा दहा फुटांचा दिसत नाही, त्यामुळे वयाचं आणि रूपाचं एवढं कौतुक नसतं.

‘चांगुणा’ हे नाटक लोर्का या स्पॅनिश नाटककाराच्या ‘येर्मा’वरून आरती हवालदार यांनी मराठीत आणलं. मूल होत नाही म्हणून आतून जळत जाणारी बाई. दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी. पडद्यावर जिला सगळ्यांची आई केलं, तिनं रंगमंचावर मूल नसलेल्या बाईचं दुःख उभं केलं. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. त्यात त्या झाल्या सुमित्रा, बाईवर प्रेम करणारी बाई. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी, मराठी रंगभूमीवर! आजही या विषयावर आपल्या हळदीकुंकवात कुणी बोलायला धजत नाही. आणि ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग, नीतीश सेन यांच्या बंगाली नाटकावरून, तोही जयदेवांनीच बसवलेला. रंगमंचावर दुसरं कुणीच नाही. २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो उगीच नव्हे. २००८ च्या डिसेंबरमध्ये जयदेव गेले. तेव्हा ‘चार दिवस सासूचे’ चालूच होती. नवरा आणि दिग्दर्शक एकाच वेळी गेल्यावर कॅमेऱ्यापुढे उभं राहणं कसं असेल, ते ज्या बायका तेराव्यानंतर आठवड्याभरात शाळेत, दवाखान्यात, बँकेत कामावर रुजू झाल्या आहेत त्यांनाच विचारावं.

अजून एक गंमत सांगते. रोहिणीताईंनी जपानच्या काबुकी शैलीतल्या ‘इबारागी’ नाटकात काम केलंय, आणि कर्नाटकातल्या यक्षगानातही. या दोन्ही ठिकाणी परंपरेनं बायकांची कामं पुरुष करत आले. त्यातही काबुकी सुरू केली एका बाईनंच, ओकुनी तिचं नाव, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. पण १६२९ मध्ये बायकांना तिथून हुसकावून लावण्यात आलं. बाईनं मांडलेला खेळ, आणि त्यात बाईलाच बंदी! आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. त्यानंतर दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पहिल्यांदा बाई पडद्यावर आली. एक नव्हे, दोघी. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला. आई पार्वती झाली आणि लेक मोहिनी. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखले यांच्या आजी.

म्हणजे बघा, मराठी बाई सिनेमात आली तीच मुळी आईनं लेकीचा हात धरून.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे येते. मी काही मोठी सल्लागार नाही. एसटीचं वेळापत्रक बदलायची ताकद या पानात नाही. आणि ‘पाठव गं बिनधास्त’ असं इथे बसून लिहिणं मला शोभणार नाही. रात्री साडेनऊला भिगवणच्या फाट्यावर एकटी मुलगी उभी करायची म्हणजे काय, हे मला कळतं. काळजी खोटी नाही. पण मी तिला फोनवर एवढंच विचारलं, ‘हाच मुलगा असता तर?’ बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, ‘त्याच्या मित्राच्या खोलीवर राहिला असता.’

म्हणजे अडचण एसटीची आहे, पण निम्मीच. उरलेली निम्मी अडचण अशी की मुलीच्या नाटकाला आपण ‘हौस’ म्हणतो आणि हौसेसाठी कुणी व्यवस्था करत नाही. क्लासला जायचं असतं तर आपण रिक्षा लावतो. शिवणाच्या परीक्षेला सेंटर पुण्याला आलं तर मामाकडे मुक्काम ठरवतो. मग नाटकालाच काय झालं? आणि कॉलेजांनाही विचारायला हवं. बारामतीत आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या मुली किती तरी असतात. त्यांना संघात घ्यायचं असेल तर तालीम दुपारी ठेवायला काय हरकत आहे? संध्याकाळी सहानंतरच अभिनय चांगला होतो, असं काही शास्त्र नाही. मुलींच्या आयांनी हे एकेकटीनं बोलून चालणार नाही, चौघी मिळून जा. सरांना चहाला बोलवा हवं तर.

बारामतीसारख्या गावात आता नाटकाला जागा आहेत, विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह आहे, हौशी मंडळं आहेत. पुण्याहून व्यावसायिक नाटक आलं की आपण तिकीट काढून जातो, नटीबरोबर फोटो काढतो, ‘किती छान काम केलंत’ म्हणतो. ती नटीही कधीतरी कुणाची तरी तालमीला उशीर झालेली लेक होती. हे त्या वेळी आठवत नाही.

मागच्या बुधवारी पुन्हा फोन झाला. ती आणि आणखी दोघीजणींच्या आया मिळून कॉलेजात जाऊन आल्या. तालीम तीन दिवस चार वाजता ठेवायचं सरांनी कबूल केलंय. उरलेल्या दिवशी उशीर झालाच तर तिघी मुली एकीच्या मावशीकडे बारामतीतच थांबणार. तिच्या मालकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. ‘गप्प आहेत, म्हणजे चाललंय असं मी धरलंय,’ ती म्हणाली.

मी विचारलं, ‘आणि वकिलिणीचं काय?’ तर खुसूखुसू हसली. मंडळात भांडून ती भूमिका तिनं घेतलीय. सासू कोण करणार म्हणून आता अडलंय. बायका म्हणतायत, तूच दोन्ही कर. हिनं सांगितलं, करते, पण आधी वकिलीण. तालुक्याच्या कोर्टातल्या एका ओळखीच्या वकीलबाईंचा जुना काळा कोट मागून आणलाय. बाह्या आखूड होतात, आणि उसवायला दाबात कापडच नाही म्हणाली.